पाय कधी धुतला?

पार्बताचे दात वाजत होते. भर दुपार, वर पत्रा तापलेला, अंगावर दोन गोधड्या आणि एक पोतं, तरी तिच्यासकट खाट हलत होती. डावा पाय बोटांपासून मांडीपर्यंत लाल झाला होता. हात लावला तर चुलीमागच्या भिंतीसारखा लागत होता. ती माणूस ओळखत नव्हती. मी तिची थोरली जाऊ, चाळीस वर्षं आम्ही एका अंगणात काढली, आणि ती मला माय म्हणत होती, पाणी मागत होती आणि पाणी दिलं की थुंकत होती.

खाटेच्या पायथ्याशी, निरोप मिळताच आलेली वंदना जमिनीवर बसली होती. तिने पार्बताच्या बोटांच्या बेचक्यात कापसाची काडी फिरवली, ती बाटलीतल्या पाण्यात घोळली आणि त्या पाण्याचा एक थेंब पट्टीवर सोडला. पट्टीवर लाल ठिपका असतो. जंतू असले तर तो निळा होतो, नसले तर लालच राहतो. एवढं आता गावातल्या म्हशीलाही माहीत होतं. निळा व्हायला एक कप चहा होईल एवढा वेळ लागायचा. त्या दिवशी आमच्या डोळ्यांदेखत झाला. आधी जांभळा, मग शाईसारखा निळा.

आणि मंगळवारी, म्हणजे दोनच दिवसांआधी, याच पायाची पट्टी लालच्या लाल राहिली होती. वंदनाने चारजणींसमोर सांगितलं होतं, पाय साफ आहे. म्हणून पार्बता दवाखान्यात गेली नाही. धानाच्या रोवणीला गेली. दोन दिवस चिखलात उभी होती.

वंदना त्या ठिपक्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंगळवारी लाल होता. मी चुकली का पट्टी चुकली?"

मला उत्तर माहीत होतं. मी पार्बताच्या अंगावरची गोधडी सारखी केली.

पार्बताचा मुलगा रमेश गाडी आणायला गेला होता. गाडी येईपर्यंत वंदना तिथून हलली नाही. ती कोण आणि आमच्या पायांशी तिचा काय संबंध, हे आधी सांगावं लागेल.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, केशोरीपासून आत. आम्ही कोहळी, तलाव बांधणारी माणसं, आणि आयुष्य धानाच्या बांधीत, गुडघाभर पाण्यात. माझा उजवा पाय हत्तीपाय आहे, पार्बताचा डावा. पार्बता म्हणते, दोघी मिळून एक बाई चांगल्या पायाची होते. डासाने हा रोग येतो, हे सगळे सांगतात. पण सुजलेल्या पायाची कातडी जाड होते, फाटते, बोटांमधली जागा ओली राहते, तिथून जंतू आत शिरतात आणि मग ताप येतो. आणि दर तापानंतर पाय आधीपेक्षा जाड होतो, हे मला वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. वंदनाने सांगितलं. वरून सगळ्या भेगा सारख्याच दिसतात. कोणत्या भेगेत जंतू आहेत ते डोळ्याला कळत नाही. ते ताप यायच्या आधी कळावं म्हणून तिची पट्टी.

वंदना सौंदडची. बौद्ध घरातली. बाप रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. ती नागपूरला शिकली आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत लागली. चाळिशीला टेकलेली, काटकुळी, हातात बापाचं मोठं घड्याळ, ते मनगटावर फिरत राहायचं. लग्न केलं नव्हतं. आमच्या गावात पहिला प्रश्न तोच. ती सांगायची, वेळ नाही भेटला. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच, त्याच आवाजात, मग लोकांनी विचारणं सोडलं.

पट्टीच्या कामासाठी सौंदडला घरीच राहायची आणि दर मंगळवारी स्कूटरवर यायची. मागे निळा डबा बांधलेला. त्यात बर्फाच्या पिशव्या आणि पट्ट्या. पट्ट्यांना ऊन चालत नाही. एका वैशाखात ती आली तेव्हा ओढणी ओली करून डब्यावर गुंडाळलेली आणि हिचं डोकं उघडं, नाकातून रक्त येत होतं. पार्बताने कांदा फोडून हुंगायला दिला. वंदनाने एका हाताने कांदा नाकाशी धरला आणि दुसऱ्या हाताने डबा उघडून बर्फ किती उरला ते पाहिलं. पार्बता म्हणाली, "ह्या बाईचा जीव डब्यात आहे वो."

गळ्यात दोऱ्याला बांधलेली पेन्सिल असायची. पेन नाही. पेनाचं लिहिलेलं पाण्याने जातं, आणि आमच्याकडे आलेल्या माणसाच्या कागदावर पाणी पडणारच, असं तिचं म्हणणं. जेवायची उभ्याने. चहा घ्यायची, पण शेवटचा पाय पाहून झाल्यावर, तोवर तो गार होऊन वर साय धरलेली असायची. ती बोटाने बाजूला करून प्यायची. आणि एक वाईट खोड होती. पट्टी लावायच्या आधी ती पाय हुंगायची. अगदी नाक जवळ नेऊन. पहिल्या दिवशी मला शिसारी आली. तिच्या नाकाची नाही, माझ्या पायाची.

"बरं होईल" हे ती कधी म्हणाली नाही. बायका तेवढंच ऐकायला यायच्या. ती म्हणायची, "पट्टी सांगंल. मी नाई सांगत." मला तिचं ते बोलणं आवडायचं. पुढे पार्बताची पट्टी खोटी ठरली तेव्हा त्याच बोलण्याचा राग आला.

पहिल्या सभेत, समाजमंदिरात, तिने सांगितलं की पट्टीत सोनं आहे. बायका हसू लागल्या. पार्बता सगळ्यांत पुढे. म्हणाली, मग पट्टी कायले, सोनंच दे ना. वंदना हसली नाही. तिने सरळ हिशेब सांगितला की असल्या हजार पट्ट्या पिळल्या तरी नाकातल्या फुलीचा ठिपका व्हायचा नाही. मी विचारलं की सोनं पिवळं असतं, हे लाल कसं. तर म्हणाली, बारीक केलं म्हणून. इतकं बारीक की केसाच्या जाडीत त्याचे हजारो कण मावतील. तांदूळ दळला की पीठ होतं, पीठ तांदळासारखं दिसतं का? मग पुढचं तिने हाताने दाखवलं. बोटं फाकवून म्हणाली, "कण दूर दूर आहेत तवा लाल. जंतू आला का सारे त्याले चिकटतेत, गर्दी होते." आणि मूठ आवळली. "गर्दी झाली का निळे."

चौथी शिकलेल्या बाईला एवढं पुरे होतं. मी नंतर हे माझ्या नातसुनेला सांगितलं, ती बारावी आहे. तिला नाही कळलं.

मग तिने सतरंजीवर मांडी घातली आणि म्हणाली, पाय माझ्या मांडीवर ठेवा. मी पाय आत ओढला. कारणं दोन होती. एक, लाज. असला पाय दुसऱ्याच्या लेकीच्या मांडीवर ठेवायचा नसतो. दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नाही, इथे लिहिते. माझ्या सासूच्या घरात त्या वस्तीच्या माणसाच्या हातचं पाणी घेत नव्हते. मी त्याच घरात म्हातारी झाले. आपण सोडलं म्हणतो, पण ते अंगात कुठेतरी असतं, आणि अशा वेळी पाय आपोआप मागे जातो. वंदनाने माझं तोंड पाहिलं. तिला दोन्ही कारणं कळली. ती म्हणाली, "मावशी, मले तुमचा पाय धराचा आहे. तुमचं घर नाई." आणि हात पुढेच ठेवला. मी पाय दिला.

त्या वेळी माझी पट्टी निळी झाली. ताप नव्हता, दुखत नव्हतं, काही नव्हतं. वंदनाने चिठ्ठी दिली आणि दवाखान्यात जायला सांगितलं. तिथे तरुण डॉक्टर होता, गोंदिया शहरातला, हिंदी बोलणारा. त्याने चिठ्ठी वाचली, पट्टी उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "माँजी, इसका मेरे रजिस्टर में कॉलम ही नहीं है." झालं. मी घरी आले. दुसऱ्या दिवशी वंदना मला स्कूटरवर मागे बसवून तिकडे घेऊन गेली. सकाळपासून शेवटचा रोगी जाईपर्यंत आम्ही दारात. मी सांगून पाहिलं, भांड त्याच्याशी. ती भांडली नाही. खोली रिकामी झाल्यावर आत गेली आणि म्हणाली, "सर, पट्टी नका पाहू. पाय तं पाहा." डॉक्टर खुर्चीतून उठला, वाकला, माझी बोटं फाकवून पाहिली. त्या दवाखान्यात इतकी वर्षं जात होते, तिथे कोणी माझा पाय वाकून पाहिला तो पहिल्यांदा. गोळ्या दिल्या. ताप आलाच नाही.

एवढं होऊनही पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका बाईला त्याने तसंच परत पाठवलं. रजिस्टरमध्ये कॉलम नाही. पुन्हा वंदना दारात उभी. एका माणसाने किती दारांत उभं राहायचं?

नागपूरहून तिचे साहेब आले होते एकदा, फोटो काढायला. मागे कापडी फलक लावला, माझ्या हातात पट्टी दिली, पदर नीट करायला सांगितला. पाय मात्र लुगड्याखाली घ्या म्हणाले, फोटो चांगला येणार नाही. वंदना बाजूला उभी होती. म्हणाली, "पाय बी घ्या ना सर. हात तं बिमार नाई." साहेब हसले. फोटोत पाय नाही. तो फोटो कुठे कुठे छापून आला म्हणतात.

आता धुण्याचं सांगते.

पाहुणा आला की आपण त्याला पाय धुवायला पाणी देतो. दुसऱ्याच्या घरी गेलो तर पाय धुऊनच आत जातो. वंदनाच्या मांडीवर पाय ठेवायचा म्हणजे तर मळका पाय चालणारच नाही. त्यात दवाखान्याकडून घरोघरी फिरणाऱ्या आशाताईने सांगून ठेवलेलं, रोज साबणाने धुवा, कोरडा पुसा. ते चांगलंच सांगितलं होतं. म्हणून मंगळवारी सकाळी आम्ही चौघी पायवाल्या बायका साबणाने पाय धुऊनच समाजमंदिरात जायचो. तेवढ्याने बिघडलं नव्हतं, जंतू असले तर पट्टी पकडत होती.

पण रोवणी लागली. चिखलाने बोटांच्या बेचक्यात घाण वास सुटतो. मला वाटलं, ही पोरगी नाक लावून हुंगते, तिला असला वास द्यायचा का? त्या मंगळवारी मी अंगणातल्या चुलीवर पाण्याचा मोठा गंज चढवला, कडूनिंबाचा पाला उकळला. दवाखान्यातून जखमा धुवायच्या औषधाची बाटली नवीनच मिळाली होती, ती त्यात ओतली. चौघींना ओट्यावर बसवलं आणि एकेकीचे पाय मी माझ्या हाताने धुतले. पार्बताची बोटं दुखत होती. ती ओरडत होती की चरचरते, पुरे कर. मी तिच्या बोटांत औषध तसंच बाटलीतून ओतलं, दोनदा. म्हटलं, चूप बस, परक्याच्या लेकीच्या मांडीवर घाणेरडा पाय ठेवशील का. मग जुन्या धुवट लुगड्याने कोरडे केले. आम्ही चौघी रांगेत निघालो तेव्हा मला अभिमान वाटला होता. हे खोटं कशाला लिहू.

वंदनाने पार्बताचा पाय हुंगला आणि खूश झाली. म्हणाली, आज वास नाही. पट्टी लाल राहिली. वरवरचे जंतू मी मारले होते. आत जे शिरले होते ते तिच्या काडीला कुठून लागणार? वंदनाने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

गुरुवारी दुपारी पार्बता खाटेवर हलत होती.

गाडी आली. तालुक्याच्या दवाखान्याने हात लावला नाही, गोंदियाला न्या म्हणाले. गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईने पाय पाहिला आणि रमेशला विचारलं, "दो दिन क्या कर रहे थे आप लोग?" रमेशने वंदनाकडे बोट दाखवलं. म्हणाला, ह्या बाईने सांगितलं काही नाही. मग व्हरांड्यात तो तिला नाही नाही ते बोलला. तिच्या पट्टीवरून बोलला, तिच्या शिक्षणावरून बोलला आणि शेवटी तिच्या जातीवरूनही बोलला. आजूबाजूची माणसं ऐकत होती. वंदना भिंतीला टेकून उभी होती. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. तिला वाटत होतं की चूक तिचीच आहे.

मी तिथेच बाकड्यावर बसले होते. माझं तोंड उघडलं नाही. मी भित्री बाई नाही. गावात माझ्या तोंडाला लोक भितात. पण त्या वेळी पार्बता मरेल असं वाटत होतं, आणि ती मेली तर ती माझ्या हाताने धुतलेल्या पायाने मरणार होती. ते मला माझ्या तोंडाने बोलवेना. दुसऱ्यावर जात होतं, जाऊ दिलं.

तीन दिवस असे गेले. पायाची कातडी घोट्याजवळ काळी पडू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाली की पाय काढावा लागेल, आणि तरी जीव वाचेलच असं सांगता येत नाही. वंदना रोज यायची, सौंदडहून गाडीने. रमेश तिला आत जाऊ देत नव्हता, म्हणून खिडकीतून पाहून जायची. तिसऱ्या दिवशी ती आवारातल्या नळावर बाटली भरत होती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि सांगितलं.

"मीनं धुतला होता तिचा पाय. मंगळवारी. तू यायच्या आधी. औषध टाकून."

तिने नळ बंद केला. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा मला शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. तिने गळ्यातली पेन्सिल हातात घेतली. कागद नव्हता, डाव्या हाताच्या तळव्यावर लिहू लागली.

"किती वाजता धुतला?"

सांगितलं.

"कोनतं औषध? पानी टाकून का तसंच? किती येळा? पुसला कायनं?"

मी एकेक सांगत गेले. तळवा ओला, पेन्सिल उमटेना, ती दाबून दाबून लिहीत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "मावशी, हे तुमी मले मंगळवारीच सांगा लागत होतं." तळव्यावरचं लिहिलेलं पाहिलं. "आन मी इचारा लागत होतं." मग धावत डॉक्टरीणबाईकडे गेली. तिला सांगायला, की मंगळवारची पट्टी साफ आली ती औषधामुळे, जंतू तेव्हाही आत होते, म्हणजे दुखणं दोन दिवसांचं नाही, त्याहून जुनं आहे. डॉक्टरीणबाईने ऐकून घेतलं. तिने औषध बदललं की आधीच बदललं होतं, ते मला माहीत नाही. कोणी सांगितलं नाही.

रमेशला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही. ठीक आहे. पण वंदनाची माफी माग म्हणून मी त्याला तीनदा म्हटलं, ती त्याने मागितली नाही. अजूनही नाही. माझी गोष्ट वेगळी नाही. व्हरांड्यातल्या त्या तीन दिवसांची माफी मीही कुठे मागितली? फक्त काय झालं ते सांगितलं.

त्यानंतर वंदना बदलली. पायाला हात लावायच्या आधी विचारायची, "पाय कधी धुतला? कायनं?" तिच्या कागदावर हा प्रश्नच नव्हता. कागद नागपूरच्या साहेबांनी बनवलेला. त्यात वय, वजन, गाव, रंग, सगळं होतं. रोगी येण्याआधी आपला पाय घासून धुऊन येईल, हे त्यांना सुचलंच नव्हतं. वंदनाने लिहून पाठवलं की प्रश्न घाला. उत्तर आलं की काम अर्ध्यावर आहे, आता कागद बदलता येत नाही. मग ती कागदाच्या कडेला पेन्सिलने लिहू लागली. धुतला, सकाळी, साबण. नाही धुतला. धुतला, परवा. सगळ्या कडा भरून टाकायची.

आणि ती मंगळवारची यायची थांबली. कधीही यायची. सांगायची नाही. आम्ही बांधीत वाकून रोवत असू आणि बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर स्कूटर दिसायची. बायका पळायच्या, पाय धुवायला. ही मागे पळायची, धुवू नका म्हणत. गावाने तिला पाय न धुऊ देणारी बाई असं नाव ठेवलं. ती धुऱ्यावर मांडी घालायची आणि चिखलाचा पाय तसाच मांडीवर घ्यायची. तिच्या सगळ्या कपड्यांवर मांडीजवळ चिखलाचे डाग पडले होते, ते निघत नव्हते. मी तरी तलावाच्या पाण्यात पाय बुचकळूनच द्यायचे. मला ते जमत नव्हतं. ती दर वेळी कडेला लिहायची: धुतला, आताच, तलाव. आणि माझ्याकडे पाहायची.

मग काम बंद झालं. नागपूरहून कागद आला की गावातले निकाल एकसारखे येत नाहीत, पट्टीवर भरवसा ठेवता येत नाही. निकाल एकसारखे का येत नाहीत, हे सगळं कडेला लिहिलं होतं. तिने साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, कडेचं कॉम्प्युटरमध्ये जात नाही. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती रागावलेली नव्हती. थकलेली होती. मला मात्र इतका राग आला की मी समोरचा चहाचा कप ढकलून दिला. पट्टी चांगली होती. आम्हीच तिला फसवलं होतं, चांगल्या मनाने, साबण लावून. आणि हे ज्यांना कळायला हवं ते शिकलेले लोक कडेचं वाचत नव्हते.

तिला दूर कुठेतरी नोकरी लागली, हैदराबादच्याही पुढे. जायच्या दिवशी मी ऑटोने सौंदडला गेले. निरोप द्यायला नाही, मला ते येत नाही. माझ्या बोटांत दोन दिवसांपासून टोचत होतं. मी पाय धुतला नव्हता. दोन दिवस. भरल्या घरात, सुना नाक मुरडत होत्या, तरी नाही धुतला. ऑटोवाल्यानेही आरशातून पाहिलं.

ती फलाटावर पेटीवर बसली होती. निळा डबा मांडीवर. मला पाहून उठली नाही, माझ्या पायाकडे पाहिलं.

"कधी धुतला?"

"परवा. नुसत्या पानीनं."

तिने डबा बाजूला ठेवला आणि मांडीवर थोपटलं. गाडीची घोषणा झाली होती, माणसं सामान उचलत होती, आमच्याकडे पाहत होती. मी बाकाच्या कडेला टेकले आणि चिखल वाळलेला, वास मारणारा पाय तिच्या धुतलेल्या, इस्त्रीच्या कपड्यांवर ठेवला. तिने तो हुंगला. डब्यात दोन पट्ट्या उरल्या होत्या, त्यांतली एक काढली. गाडी दिसू लागली तेव्हा ठिपका जांभळा होता. थांबली तेव्हा निळा.

कागद आता नव्हताच. तिने तिकिटाच्या पाठीमागे पेन्सिलने काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "आजच जा, मावशी. उद्या नाई." बरं होईल, असं तेव्हाही म्हणाली नाही. पेटी उचलून चढली. गाडी हलली तेव्हा मी दारात पाहिलं. ती हात हलवत नव्हती. पट्टी उजेडाकडे धरून पाहत होती, आणि तिच्या मांडीवर माझ्या पायाचा चिखल होता.

मी तिथून सरळ दवाखान्यात गेले. तोच डॉक्टर होता. रजिस्टरमध्ये कॉलम अजून नव्हता. मी पट्टीचं नावच काढलं नाही. पाय उचलून त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, पाहा. यावेळी सुया लागल्या, पाच दिवस.

पार्बता वाचली. तिचा पाय काढावा लागला नाही. मीही वाचले.